इमारत पाडायची की वाचवायची, हे नेमकं ठरतं कुठे?

मुंबईत काळा घोड्याजवळ महात्मा गांधी रस्त्यावर एल्फिन्स्टन कॉलेज, डेव्हिड ससून ग्रंथालय, आर्मी अँड नेव्ही इमारत आणि एस्प्लनेड मॅन्शन एका रांगेत उभ्या आहेत. शेवटची, म्हणजे एकेकाळचं वॉटसन्स हॉटेल, महापालिकेच्या वारसा यादीत दोन-अ श्रेणीत आहे. जगभरातल्या सर्वात धोक्यात असलेल्या शंभर वास्तूंची यादी वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या आंतरराष्ट्रीय वारसा संस्थेने 2005 मध्ये जाहीर केली, तेव्हा तिच्यातही या इमारतीचं नाव होतं. संवर्धन वास्तुविशारद तिच्यासाठी भांडले, नागरिक संस्था भांडल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. आणि एवढं सगळं होत असताना इमारत आतून-बाहेरून कोसळतच राहिली. 1 जुलै 2005 रोजी तिच्या दर्शनी बाजूचा भाग खाली आला आणि त्यात एकाचा जीव गेला.

यादीत नाव, जगाचं लक्ष, कोर्टाची दखल, तज्ज्ञांचा पाठिंबा. जुनी इमारत वाचवायची म्हटल्यावर आपण ज्या ज्या गोष्टी मागतो, त्या सगळ्या या एका इमारतीला मिळाल्या. तरी तिची ही अवस्था का झाली, हे समजून घेतलं तर शहरातल्या कुठल्याही जुन्या वास्तूचं भवितव्य कसं ठरतं, ते कळतं. माझं म्हणणं थोडक्यात असं, की पाडकाम थांबवणं आणि इमारत वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्या कामासाठी कायदा आहे, माणसं आहेत, उत्साहही आहे. दुसऱ्या कामाला लागतो पैसा, आणि तो कोणी द्यायचा याचं उत्तर आपल्या व्यवस्थेत फार क्वचित सापडतं.

ही इमारत एवढी महत्त्वाची का

वॉटसन्स हॉटेल 1860च्या दशकात उभं राहिलं. जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी, आणि आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या भव्य छपराच्या कामातही हा ऑर्डिश होता. हॉटेलचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, घडवून जहाजाने मुंबईत आणला आणि इथे जागेवर जोडला. भारतात आज उभ्या असलेल्या बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, सांगाड्याच्या इमारतींत ही सर्वात जुनी मानतात.

सांगाडा हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. त्या काळातल्या आपल्या बहुतेक इमारतींत भिंतीच भार पेलायच्या, म्हणून त्या हातभर जाड असायच्या. वॉटसन्समध्ये भार लोखंडी खांब आणि तुळयांवर आहे आणि विटा फक्त मधल्या चौकटी भरतात. पुढे जगभर उंच इमारती ज्या तत्त्वावर बांधल्या गेल्या, त्याचा हा एक सुरुवातीचा नमुना आहे आणि तो आपल्या शहरात उभा आहे. पाच मजले, 130 खोल्या, मध्ये काचेच्या छताचं मोठं दालन, बाहेर प्रत्येक मजल्यावर रुंद सज्जे. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती भारतात पहिल्यांदा दाखवल्या गेल्या त्या इथेच. त्याच वर्षी मार्क ट्वेन इथे उतरला होता. सज्ज्यावर येणाऱ्या मुंबईच्या कावळ्यांबद्दल त्याने मोठ्या मजेने लिहून ठेवलंय.

पुढे हॉटेल बंद पडलं, मालकी बदलली, नाव बदललं, खोल्यांचे तुकडे पडले. सत्र न्यायालय जवळ असल्यामुळे वकिलांनी तिथे ऑफिसं थाटली, काही कुटुंबंही राहू लागली. सज्जे बंदिस्त झाले, कोणी मोरी काढली, कोणी पोटमाळा चढवला. मूळ नकाशात नसलेलं पाणी आणि नसलेलं वजन असं वर्षानुवर्षं इमारतीच्या अंगावर चढत गेलं.

यादीत नाव असण्याचा अर्थ

मुंबईची वारसा नियमावली 21 एप्रिल 1995 रोजी लागू झाली. सरकारला एक दिवस अचानक सुचलं म्हणून ती आली नाही. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत सेव्ह बॉम्बे कमिटी, बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुप यांसारख्या संस्थांनी सरकारदरबारी आणि कोर्टात सतत धक्के दिले. श्याम चैनानी यांचं नाव यात आवर्जून घ्यायला हवं. पत्रं लिहिणं, फायलींचा माग काढणं, अधिकाऱ्यांना पुन्हा पुन्हा भेटणं हे कंटाळवाणं काम त्यांनी आयुष्यभर केलं. शहरी वारशाला कायद्याचं संरक्षण देणारी ही देशातली अगदी सुरुवातीची नियमावली. त्याआधी कायदा होता तो पुरातत्त्व खात्याचा, म्हणजे लेणी, किल्ले, मंदिरं यांचा. ज्या इमारतींत माणसं राहतात, दुकानं चालतात, कोर्ट भरतं, त्यांचा विचार त्यात नव्हता.

यादीतल्या इमारतींच्या श्रेणी अशा. पहिल्या श्रेणीत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससारख्या वास्तू, त्यांना जवळजवळ हात लावायचा नाही. दुसऱ्या श्रेणीचे अ आणि ब असे दोन भाग आहेत. तिथे बाहेरचं रूप सांभाळून आत गरजेपुरते बदल चालतात. तिसऱ्या श्रेणीत रस्त्याचं, वस्तीचं रूप घडवणाऱ्या इमारती येतात आणि तिथे बरीच मोकळीक आहे. गिरगावातल्या खोताच्या वाडीसारख्या अख्ख्या वस्तीची परिसर म्हणूनही नोंद होते. बदल किंवा पाडकाम करायचं तर महापालिका आयुक्तांची परवानगी लागते आणि ती देताना आयुक्त वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेतात.

आता याच नियमावलीतला एक मुद्दा, जो सहसा कोणी वाचत नाही. वारसा इमारतीची नियमित देखभाल आणि दुरुस्ती करणं हे मालकाचं कर्तव्य आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. सरकारी किंवा पालिकेच्या मालकीच्या इमारती सोडल्या, तर बाकीच्या दुरुस्तीची जबाबदारी सरकार वा पालिका घेत नाही. म्हणजे पाडायला मनाई करणारा हात सरकारचा, आणि टिकवण्यासाठी खिशात घालायचा हात मालकाचा. मालकाला ते जमत नसेल किंवा जमवायचं नसेल, तर? मनाई कागदावर राहते आणि पावसाळे आपलं काम करत राहतात.

न्यूयॉर्कने काय केलं

हा पेच फक्त आपला नाही. न्यूयॉर्कचं पेन्सिल्व्हेनिया स्टेशन 1910 मध्ये सुरू झालं. गुलाबी ग्रॅनाइटची प्रचंड वास्तू. रेल्वे कंपनीला पैसा हवा होता, म्हणून तिने वरची जागा विकायला काढली. 1962 मध्ये वास्तुविशारद फलक घेऊन रस्त्यावर उतरले, पण अडवायला कायदाच नव्हता. 1963 मध्ये पाडकाम सुरू झालं. त्या धक्क्यातून 1965 मध्ये शहराने वारसा कायदा केला.

मग ग्रँड सेंट्रल स्टेशनवर टोलेजंग इमारत बांधायचा प्रस्ताव आला आणि शहराने तो नाकारला. आमच्या मालमत्तेचा वापर रोखता, मग भरपाई द्या, असं म्हणत कंपनी कोर्टात गेली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष केनेडी यांच्या पत्नी जॅकलिन केनेडी ओनासिस स्टेशनच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि विषय देशभर पोहोचला. 1978 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाने एक गोष्ट लक्षात घेतली होती. स्टेशनवर जे बांधकाम करता येणार नाही, त्याचे हक्क कंपनीला आसपासच्या इतर भूखंडांवर वापरता येत होते. म्हणजे मालकाचं नुकसान काही प्रमाणात भरून निघत होतं.

हाच तो टीडीआर, विकास हक्कांचं हस्तांतरण. मुंबईच्या नियमांतही तो आहे. वारसा श्रेणीमुळे मालकाला जे चटई क्षेत्र, म्हणजे जितकं बांधकाम एरवी करता आलं असतं ते, वापरता येत नाही, त्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि ते विकता येतं. कल्पना चांगली आहे. फक्त त्यातून आलेला पैसा त्याच इमारतीच्या दुरुस्तीत पडेल, याची हमी बांधून घ्यावी लागते. आणि टीडीआर मिळतो मालकाला. इमारतीत राहणाऱ्याला त्यातलं काहीच मिळत नाही. आपल्या जुन्या इमारतींचं दुखणं नेमकं इथे आहे.

भाडं आणि दुरुस्ती

1947 च्या मुंबई भाडे कायद्याने बहुतेक भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत ते योग्यच होतं. नाहीतर गिरणगावातला कामगार रस्त्यावर आला असता. पण ती गोठण अर्धशतक टिकली. नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला तो थेट 31 मार्च 2000 पासून, आणि त्यातही जुन्या भाड्यावर वर्षाला चार टक्के वाढ. ज्या खोलीचं भाडं महिन्याला पन्नास-शंभर रुपये, तिथे चार टक्के म्हणजे चहाचेही पैसे होत नाहीत. एवढ्या भाड्यात मालक छपराची कौलं बदलणार कुठून? तो हात वर करतो. भाडेकरू म्हणतो, घर माझ्या मालकीचं नाही, मी का खर्च करू? दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे. आणि दोघांच्या भांडणात तुळई कुजत जाते.

सरकारने यावर काढलेला मार्ग म्हणजे उपकर. 30 सप्टेंबर 1969 पूर्वीच्या दक्षिण मुंबईतल्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्तीसाठी सेस बसवला आणि म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, दुरुस्ती मंडळाकडे काम सोपवलं. पण खर्चाला चौरस मीटरमागे मर्यादा आहे. एवढ्या पैशात टेकू लागतात, स्लॅबचे तुकडे बदलतात, गर्डर बसतो. मूळ सागवानी जिना किंवा बीडाचा कठडा पूर्वीसारखा करायला ती रक्कम कधीच पुरत नाही.

याच्या दुसऱ्या बाजूला पुनर्विकासाचा नियम उभा आहे, विकास नियमावलीतला 33(7), ज्याला सगळे तेहतीस-सात म्हणतात. उपकरप्राप्त इमारत पाडली तर तीन किंवा त्याहून जास्त चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या तिप्पट किंवा जास्त बांधकाम. भाडेकरूला फुकटात मालकीचं नवं घर, बिल्डरला विकायला मजले, मालकाला त्याचा वाटा. दुरुस्ती केली तर? कोणालाच काही नाही. दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला आपण वारशाबद्दल व्याख्यान द्यायचं आणि तो हळहळेल अशी अपेक्षा करायची, हे मला पटत नाही. त्याला लिफ्ट हवी आहे, घरात संडास हवा आहे. हे जतनातही मिळू शकतं, असं त्याला दाखवता आलं तरच तो आपल्या बाजूला येईल.

म्हणून इमारत वाचवायची चळवळ आत राहणाऱ्यांना सोबत न घेता केली तर ती लंगडी पडते. बाहेरचे लोक वास्तूचं सौंदर्य बघतात आणि आतल्या माणसाला रोज छताचा पोपडा बघावा लागतो.

धोकादायक कोण ठरवतं?

सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं ते इथे, कारण आज बहुतेक जुन्या इमारती पडतात त्या वारसा समितीच्या परवानगीने नव्हे. त्या पडतात धोकादायक ठरल्यामुळे.

मुंबई महापालिका अधिनियम 1888 चा. त्याच्या कलम 354 खाली आयुक्तांना धोकादायक बांधकाम पाडायची किंवा सुरक्षित करायची नोटीस देता येते. संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट झालं की इमारतीचा वर्ग ठरतो. सी-1 म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी. सी-2अ म्हणजे काही भाग किंवा पूर्ण इमारत रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-2ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ काम. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर अतिधोकादायक इमारतींची जी यादी येते, ती या सी-1 ची.

आता हे ऑडिट होतं कसं, ते बघा. अभियंता येतो, रिबाउंड हॅमर भिंतीवर दाबतो, त्याचा दांडा किती मागे उडी घेतो त्यावरून काँक्रीटची ताकद काढतो. ध्वनिलहरी आरपार पाठवून आत पोकळी आहे का ते पाहतो. आतल्या सळईला गंज चढत असण्याची शक्यता किती, ते विद्युत मापनाने काढतो. या सगळ्या चाचण्या प्रामुख्याने आरसीसीसाठी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटसाठी, आहेत. पण 1900 च्या आसपासच्या इमारतीत आरसीसी असतंच कुठे? तिथे असतात चुन्यात बसवलेल्या विटा, सागाच्या तुळया, बीडाचे खांब. काँक्रीटचे निकष लावून चुन्याची भिंत मोजली तर ती नापास होणारच. चुना मऊच असतो आणि त्याने तसंच असायला हवं.

चुन्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. चुन्याच्या गिलाव्यातून आत शिरलेली ओल बाहेर निघून जाते. सुती कपड्यातून घाम वाळावा तशी. गेल्या साठ-सत्तर वर्षांत डागडुजी करणाऱ्यांनी या भिंतींवर सिमेंटचा गिलावा मारला. दिसायला मजबूत, पण ओल आत कोंडली गेली. विटा भुसभुशीत झाल्या, भिंतीत घुसलेलं तुळईचं टोक कुजलं, आणि बाहेरून बघणाऱ्याला फक्त सिमेंटचा फुगलेला पोपडा दिसतो. चांगला संवर्धन अभियंता सर्वात आधी हा सिमेंटचा थर खरवडून काढतो, तुळईच्या टोकाशी भोक पाडून लाकूड किती शाबूत आहे ते तपासतो, आणि मगच मत देतो. बऱ्याचदा तुळईचा मधला भाग ठणठणीत निघतो. मग कुजलेलं टोक कापून नवीन सागाचा तुकडा जोडला की तुळई पुन्हा कामाची होते.

लोखंडाचं वेगळं. बीड दाबाला मजबूत असतं, पण ओढ किंवा धक्का बसला की वाकत नाही, तडकतं. घडीव लोखंड वाकतं, पण तुटत नाही. लोखंडाला गंज चढला की तो मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि शेजारची वीट फोडतो. म्हणून अशा इमारतीत वरून भिंत फुटलेली भयानक दिसते, पण खांब मोजला तर त्याची जाडी बरीचशी शिल्लक असू शकते. किंवा नसूही शकते. ते मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

एस्प्लनेड मॅन्शनच्या बाबतीत नेमका हाच वाद झाला. 2019 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने इमारत रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती दुरुस्तीपलीकडे गेल्याचं आणि पाडावी असं म्हटलं. संवर्धन क्षेत्रातल्या जाणकारांनी याला विरोध केला. सांगाडा सांभाळून इमारत पुन्हा उभी करता येईल, असं त्यांचं म्हणणं. एकाच इमारतीबद्दल दोन शास्त्रीय मतं आली, म्हणजे कोणी खोटं बोलतंय असा अर्थ होत नाही. पहिला प्रश्न असतो, ही इमारत आज सुरक्षित आहे का? दुसरा प्रश्न, काय केलं तर ती सुरक्षित होईल, किती खर्चात, किती काळात? पहिल्याचं उत्तर नाही असलं तरी दुसऱ्याचं उत्तर शिल्लक असतं. आपली नोटीस मात्र पहिल्या उत्तरावरच निघते.

नोटीस लागली, आता काय?

दारावर कागद चिकटला की लोक घाबरतात, आणि ते साहजिक आहे. सर्वात आधी नोटीस कोणत्या कलमाखाली आहे आणि कोणाची आहे ते वाचावं. पालिकेची, म्हाडाची की कोर्टाची? प्रत्येकाचा मार्ग वेगळा. त्याच वेळी मालमत्ता पत्रक काढावं. कागदावरचा मालक कोण आणि भाडं वसूल करणारा कोण, हे बऱ्याचदा वेगळं निघतं. इमारत वारसा यादीत आहे का, श्रेणी कोणती, की ती एखाद्या वारसा परिसराच्या हद्दीत येते, हेही तपासावं. हद्दीत येत असेल तरी परवानगीचा प्रश्न उभा राहतो.

मग दुसरं ऑडिट. जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडूनच करून घ्यावं आणि अहवालात तात्पुरत्या आधाराची, म्हणजे टेकूंची योजनाही मागावी. मालकाचं ऑडिट एक म्हणतंय आणि भाडेकरूंचं दुसरं, अशी स्थिती आली की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे ठेवता येतं. समितीसमोर नुसती हळहळ चालत नाही, तिथे आकडे लागतात.

कोर्टात स्थगिती मिळवणं हा पुढचा टप्पा. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. इमारत खरोखर पडायला आली असेल तर लोकांना आधी बाहेर काढायलाच हवं. वारशाच्या नावाखाली कोणाचा जीव धोक्यात घालायचा हक्क कोणत्याही चळवळीला नाही. स्थगिती मागताना सोबत टेकू, जाळ्या आणि रिकामं करण्याचं वेळापत्रक दिलं, तर न्यायालयही ऐकून घेतं.

बाहेर पडलो की हक्क गेला, ही भाडेकरूची सर्वात मोठी भीती असते. ती भीती अनाठायी आहे. सांगलीतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केलंय, की इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. मात्र जागेचं मोजमाप रिकामं करण्याआधी करून घ्यावं, त्यावर अधिकाऱ्याची सही घ्यावी, आणि भाडेपावत्या, वीजबिलं जपून ठेवावीत. नंतर भांडण होतं ते चौरस फुटांवरून.

आणि मोजणी फक्त घरांची नको. कठड्याची नक्षी, जिन्याचं वळण, कौलांचा उतार, खिडकीच्या रंगीत काचा, सगळ्याचे फोटो आणि नकाशे काढून ठेवावेत. वास्तुकलेच्या कॉलेजमधली मुलं हे काम आनंदाने करतात. उद्या दुरुस्तीला परवानगी मिळाली तर कारागिराच्या हातात काहीतरी हवं ना.

जिथे जमलं, तिथे काय होतं

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 मध्ये लोकांसाठी उघडलं. विसाव्या शतकाच्या शेवटी ते मोडकळीला आलं होतं. 2003 मध्ये महापालिका, वारसा जतनाचं काम करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला. मालकी पालिकेची, कौशल्य इंटॅकचं, पैशाचा मोठा भार फाउंडेशनवर. 2005 मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च संवर्धन पुरस्कार मिळाला आणि 2008 मध्ये ते पुन्हा सुरू झालं. एकच मालक, आत राहणारं कोणी नाही, पैसा ठरलेला. तीन गाठी आधीच सुटलेल्या होत्या.

डेव्हिड ससून ग्रंथालय तर एस्प्लनेड मॅन्शनपासून हाकेच्या अंतरावर. तेही साधारण त्याच काळातलं. तिथे मध्यंतरी छपरावर काँक्रीटचा स्लॅब घातला गेला होता. अलीकडच्या जीर्णोद्धारात तो काढून पुन्हा उतरतं छप्पर केलं गेलं. ग्रंथालयाला सभासद आहेत, व्यवस्थापन आहे, आणि देणग्या आल्या तर त्या कोणाच्या खात्यात जाणार याबद्दल शंका नाही. शेजारच्या इमारतीला यातलं काहीच नाही. दोन्ही इमारतींवर तोच पाऊस पडतो, त्याच समुद्राची खारी हवा लागते.

1999 पासून भरणाऱ्या काळा घोडा महोत्सवातून या परिसराच्या जीर्णोद्धाराला पैसा मिळत आला आहे. ओव्हल मैदानाभोवतीच्या रहिवाशांनी तर आधी मैदान वाचवायला कोर्ट गाठलं आणि नंतर मैदानाच्या दोन बाजूंच्या इमारतींना जागतिक वारसा दर्जा मिळावा म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. 2018 मध्ये युनेस्कोने व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको या दोन वास्तुशैलींतल्या 94 इमारतींच्या समूहाला तो दर्जा दिला. आर्ट डेकोच्या बाजूला बहुतेक राहत्या इमारती आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. तिथले रहिवासी स्वतःहून म्हणाले, आमची इमारत यादीत घ्या. गिरगाव, लालबाग, भुलेश्वर इथल्या चाळीत राहणारा माणूस असं का म्हणत नाही? त्याला आपल्या चाळीचं प्रेम कमी आहे म्हणून नव्हे. यादीत गेल्यावर त्याच्या वाट्याला दुरुस्तीचा पैसा येत नाही, फक्त बंधन येतं, म्हणून.

यात बदल करायचा तर मागण्या नेमक्या हव्यात. यादीतल्या इमारतीला दुरुस्ती मंडळाच्या खर्चमर्यादेत वेगळा, वाढीव दर असावा. टीडीआर विकून आलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून तिच्यातून आधी दुरुस्ती व्हावी, आणि त्या खात्यावर मालकाबरोबर भाडेकरूंचीही सही असावी. वारसा इमारतीला सी-1 ठरवण्यापूर्वी जुन्या बांधकामाच्या जाणकाराची तपासणी सक्तीची असावी. चाळ जतन करताना आत संडास, लिफ्ट, अग्निशमन यांची सोय करायला परवानगी सहज मिळावी.

हे सांगायची जागाही कायद्याने दिलेली आहे. विकास नियमांत किंवा वारसा यादीत बदल करायचा असला की प्रारूप प्रसिद्ध होतं आणि साधारण महिनाभर हरकती व सूचना मागवल्या जातात. सूचना वर्तमानपत्रात बारीक टायपात छापून येते. बिल्डरांची माणसं ती दर वेळी वाचतात. रहिवासी संघ, वाचनालयं, गणेशोत्सव मंडळं यांनी आपल्यातला एक जण या कामावर नेमावा. त्याने सूचना वाचून सर्वांना समजावून सांगावी, आणि मुदत संपायच्या आत प्रत्येक घरातून एक सही केलेलं पत्र पालिकेच्या आवक विभागात जाऊन पोच घेऊन द्यावं.